दाढ काढायला जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या

देवगडच्या किनाऱ्यावर दातांचा दवाखाना सुरू केला तेव्हा मी नवीन रुग्णाला ठरलेला प्रश्न विचारायचो, "काही आजार आहे का?" एक तांडेल (मच्छीमार होडीचे प्रमुख) आले होते, पन्नाशीचे, दर्यावर कमावलेलं अंग. खालची दाढ पार किडलेली. प्रश्न ऐकून ते हसले आणि म्हणाले, "आजार खंयचो? आप्रेशन झाला तेवाच गेलो तो." मी बहुधा तेव्हा भूल भरत होतो. 'आप्रेशन' हा शब्द कानावर पडला, डोक्यात शिरला नाही. दाढ सहज निघाली आणि ते घरी गेले. रात्री अकराला रिक्षातून परत आले ते तोंडाला रक्ताने भिजलेला पंचा धरून. मुंबईत त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती आणि रक्त गोठू नये म्हणून ते रोज ॲसिट्रॉम घेत होते. टाके घातले, तासभर गॉज दाबून धरला, तेव्हा रक्त थांबलं. त्यांना कसलं जंतूंचं दुखणं जडलं नाही, हे माझं नशीब.

ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला. चुकला होता तो माझा प्रश्न. तेव्हापासून मी आधी विचारतो, "रोज कुठल्या गोळ्या घेता?" आणि पाठोपाठ, "त्या दाखवा."

हा लेख दातांच्या उपचाराला निघालेल्यांसाठी आहे आणि त्यांच्या मुंबई-पुण्यातल्या मुलांसाठीही. आपल्याकडे गावातल्या घरात बरेचदा दोन म्हातारी माणसंच असतात. त्यांची फाइल मुंबईत मुलाच्या कपाटात, हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला, साखरेचे कणकवलीला, आणि दाढ दुखते मात्र इथे.

आधी बघा, दुखतोय तो दातच आहे ना

दाताचं दुखणं थंड-गरम लागलं की चमकतं, चावताना कळ येते, बोटाने ठोकलं तर नेमका तोच दात बोलतो. खालच्या जबड्यात, बहुतेकदा डावीकडे, नेमकं कुठे ते सांगता येत नाही असं दुखत असेल, जांभ्याच्या पायऱ्या चढताना किंवा पाण्याची कळशी आणताना सुरू होऊन बसल्यावर थांबत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. सोबत घाम, धाप, डाव्या हातात जडपणा किंवा मळमळ असेल तर दातांच्या डॉक्टरकडे येऊच नका. १०८ ला फोन करा, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येतेच असं नाही, हे त्यांच्या घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी घाईची खूण म्हणजे सूज. ती जबड्याखाली मानेकडे उतरत असेल, तोंड दोन बोटंही उघडत नसेल, थुंकी गिळायला त्रास होत असेल किंवा जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, तर "आधी साखर कमी करू, मग दाढ बघू" म्हणत थांबायचं नाही. अशी सूज श्वासनलिका दाबते. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, मग ते ओरोस असो, बांबोळी असो की डेरवण.

कागद तयार करा

या दोन्ही खुणा नसतील तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढा. घरात जितक्या गोळ्या, इंजेक्शनं, इनहेलर, थेंब, चूर्णं आणि काढे असतील ते सगळं एका पिशवीत भरा. मेडिकलवाला पट्टी कापून देतो आणि नाव असलेला तुकडा नेमका त्याच्याकडे राहतो. तेव्हा चिठ्ठी किंवा बिलही पिशवीत टाका. मुलगा मुंबईत असेल तर फाइलच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. शेवटचं पान म्हणजे डिस्चार्ज कार्ड, त्यात सगळं असतं.

मग एका कागदावर लिहा. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींच्या नातीने लिहून आणलेला कागद मला इतका आवडला की त्याच धर्तीचा नमुना देतो:

वय ७२. वजन ५४ किलो.
साखर १४ वर्षं. सकाळी-रात्री मेटफॉर्मिन, सकाळी ग्लिमेपिराइड. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी, मे महिना) ७.८.
प्रेशर. सकाळी ॲम्लोडिपिन.
दोन वर्षांपूर्वी स्टेंट, एक. रोज इकोस्प्रिन ७५, दुपारी जेवून.
हाडांसाठी वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन, दोनदा झालं, शेवटचं गेल्या दिवाळीत.
गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली गोळी, आठवड्यात दोनदा. (पट्टी पिशवीत आहे.)
पेनिसिलिनने अंगावर पित्त उठलं होतं, १९९० च्या आसपास.
मशेरी दिवसातून दोनदा.
हृदयाच्या डॉक्टरांचा फोन, नातीचा फोन.

बारकाईने पाहिलं तर या कागदातल्या निम्म्या गोष्टी आजींनी तोंडी कधीच सांगितल्या नसत्या. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन कुणी 'औषध' म्हणून मोजत नाही. गुडघ्याची गोळी आजारात धरत नाहीत. आणि मशेरीचं म्हणाल, तर ती सांगायला लाज वाटते.

ॲलर्जीबद्दल एक सांगायला हवं. "मला भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे" असं पुष्कळ लोक सांगतात. खोदून विचारलं की कळतं, इंजेक्शन दिल्यावर चक्कर आली होती, हातपाय गार पडले होते. ती बहुतेकदा भीतीने आलेली भोवळ असते. अंगावर गांध्या उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं ही खरी ॲलर्जी. दोन्ही सांगा, पण नेमकं काय झालं होतं ते शब्दांत सांगा.

साखर

आपल्याकडे रक्त तपासायला उपाशी जायचं असतं, म्हणून माणसं दात काढायलाही उपाशी येतात. वर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेमाने घेतलेलं असतं. खुर्चीवर बसल्यावर दहा मिनिटांत घाम, थरथर, धडधड, काहीतरीच बोलणं सुरू होतं. श्रावणी सोमवारी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर हे हमखास. उपवास मोडायला नको असेल तर दाढ मंगळवारी काढू, देवाची आणि माझी दोघांची सोय होईल.

म्हणून वेळ सकाळची घ्या, साधारण नऊ ते अकरा. नेहमीची न्याहारी करून या, घावणे असोत की पेज-भाकरी. नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच वेळी घ्या. घरी ग्लुकोमीटर असेल तर निघताना साखर बघून आकडा कागदावर लिहा. ती ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. ते पाणी छातीत जातं.

दाढ काढायला साखर किती असावी, याला एक आकडा नाही. तीन महिन्यांची साखर ७ च्या आसपास असेल तर निर्धास्त या. ती ९-१० असेल आणि काम घाईचं नसेल, म्हणजे कवळीसाठी दात काढायचे असतील किंवा इम्प्लांट बसवायचं असेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवतो. जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची शक्यता वाढते. पण पू आधीच झालेला असेल तर गणित उलटं होतं. तोंडातला पू साखर चढवतो आणि चढलेली साखर पू वाढवते. अशा वेळी पू काढल्याशिवाय साखर खाली येत नाही. इन्सुलिनचं प्रमाण डॉक्टर बघतील, पण दाताचं काम पुढे ढकलायचं नाही.

हिरड्यांचंही तसंच आहे. साखर असलेल्यांच्या हिरड्या लवकर सुजतात, रक्त येतं, दात हलायला लागतात. हिरड्या नीट साफ करून घेतल्या तर तीन महिन्यांची साखरही थोडी उतरते. सहा महिन्यांनी दात साफ करून घेणं हा त्यांच्यासाठी साखरेच्या उपचाराचाच एक भाग समजा. "साफ केल्याने दात सैल होतात" हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. दात आधीच सैल झालेले असतात, फक्त दगडासारख्या थराने त्यांना धरून ठेवलेलं असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, दोन्ही बाजूंनी. काही लोक गोळी लपवतात. काही शहाणे शेजाऱ्याचं ऐकून आठवडाभर आधीच बंद करून येतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडू शकते. दाढेच्या खाचेतून येणारं रक्त दाबून थांबवता येतं. बंद पडलेल्या स्टेंटचं किंवा मेंदूत अडकलेल्या गुठळीचं तसं नाही.

इकोस्प्रिन किंवा ॲस्पिरिन एकटी असेल तर एखादी दाढ काढायला ती थांबवावी लागत नाही. क्लोपिडोग्रेलचंही तेच. दोन्ही एकदम चालू असतील, म्हणजे स्टेंट बसवून फार दिवस झालेले नाहीत, तर घाई नसलेलं काम पुढे न्यायचं. रूट कॅनलने भागत असेल तर रूट कॅनल करायचं आणि काढावंच लागलं तर एका वेळी एक-दोन दातच काढायचे. या गोळ्यांना स्वतःच्या मनाने हात लावायचा नाही. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर घाई नसलेल्या कामासाठी जुन्या शिरस्त्याने सहा महिने थांबतात. हल्ली निदान दोन महिने म्हणतात. तुमच्या बाबतीत किती, ते हृदयाचे डॉक्टर सांगतील.

वॉर्फरिन आणि ॲसिट्रॉम या वेगळ्या जातीच्या गोळ्या. त्या घेणाऱ्यांनी दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासून आणायचा. आकडा नेहमी स्थिर राहत असेल तर तीन दिवसांपर्यंतचा चालतो. तो साधारण साडेतीनच्या आत असेल तर गोळी चालू ठेवून एक-दोन दात काढता येतात. खाचेत रक्त धरून ठेवणारा स्पंज घालतो, टाके घालतो. त्यापुढे असेल तर डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलायची आणि दिवस बदलायचा. आयएनआर तालुक्याच्या प्रत्येक लॅबमध्ये त्याच दिवशी मिळेल असं नाही, म्हणून आधी लॅबला फोन करा.

या दोन गोळ्यांबरोबर काही औषधं जमत नाहीत. दातांच्या डॉक्टरांच्या हातून सर्रास लिहिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल घेतलं की आयएनआर उसळतो. कवळीखाली बुरशी होते म्हणून लावायला देतात ते मायकोनॅझोलचं जेलसुद्धा, नुसतं तोंडात लावलं तरी, तेच करतं. म्हणून चिठ्ठी हातात पडली की विचारा, "माझ्या ॲसिट्रॉमबरोबर हे चालतं ना?" डॉक्टरला राग येत नाही. आला तर येऊ द्या.

रिव्हरॉक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन, डॅबिगाट्रॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. त्यातली सकाळची मात्रा काही तास मागे-पुढे करायची का, हे ती लिहून देणारे डॉक्टर ठरवतात. आणि ते आधीच विचारलेलं बरं, खुर्चीवर बसून फोन लावण्यापेक्षा.

झडप, जन्मजात हृदयदोष

लहानपणी सांधे दुखून ताप आला, पुढे झडप खराब झाली, ही कहाणी आपल्या भागात अजून ऐकू येते. दात काढताना किंवा हिरड्या खोल साफ करताना तोंडातले जंतू रक्तात जातात. निरोगी हृदयाला त्याचं काही वाटत नाही. कृत्रिम झडपेवर मात्र ते ठाण मांडतात. म्हणून झडप बदललेल्यांना, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झालेल्यांना आणि काही विशिष्ट जन्मजात दोष असलेल्यांना आधी प्रतिजैविकाचा एक मोठा डोस द्यावा लागतो. पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्या मोठ्या माणसाला तो अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी. पाच दिवसांचा कोर्स नव्हे, एकदाच. पूर्वी ॲलर्जीवाल्यांना क्लिंडामायसिन देत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये ते यादीतून काढलं. झडप फक्त खराब आहे, बदललेली नाही, अशांसाठी हा डोस आता त्या यादीत नाही. तरी आपल्याकडचे काही हृदयरोगतज्ज्ञ तो द्यायला सांगतात. त्यांनी लिहून दिलं असेल तर तसंच करा.

माझ्या तांडेलांना त्या दिवशी हा डोसही मिळाला नव्हता. वर नशीब म्हटलं ते याचसाठी.

प्रेशर

एसटीतून उतरून, उन्हातून चालत, दाढेच्या कळा सोसत माणूस आत आला की प्रेशर चढलेलंच असतं. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग मोजू. सकाळची गोळी घेऊनच या. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी घाई नसलेलं काम करत नाही. दुखणं कमी करतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. भुलीच्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असतं म्हणून पुष्कळजण घाबरतात. त्यामुळे भूल टिकते आणि रक्त कमी जातं. हृदयाच्या रुग्णाला ते मोजून, थोडं आणि सावकाश दिलं जातं. भूल नीट न लागता दाढ ओढली तर वेदनेने शरीर स्वतःच त्याहून जास्त ॲड्रेनलिन सोडतं.

ॲम्लोडिपिन, निफेडिपिन यांनी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. फिट येते म्हणून घेतलेल्या फेनिटॉइननेही तसं होतं. गोळी बंद करू नका. डॉक्टरांना दाखवा, बदलून मिळते.

हाडांची इंजेक्शनं

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा अलेंड्रोनेट, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घेणारे लोक आता गावातही भेटतात. या औषधांनी जबड्याचं हाड दुरुस्त व्हायची क्रिया मंदावते. दात काढल्यावर क्वचित जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांना हा धोका थोडा. कॅन्सर हाडात पसरला म्हणून दर महिन्याला मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना बराच जास्त. तुम्ही अजून सुरू केलं नसेल तर तीच खरी वेळ. आधी किडलेले, हलणारे दात काढून घ्या, जखमा भरू द्या, मग इंजेक्शन घ्या. सुरू असेल तर थांबवू नका, विशेषतः डेनोसुमॅब. ते उशिरा घेतलं तर मणके पिचू शकतात. फक्त सांगा.

तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्याला शेक (रेडिएशन) घेतलेल्यांनी तर दात काढण्याआधी शेक देणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे, मग शेक घेऊन दहा वर्षं झालेली असली तरी.

मूत्रपिंड, दमा, गर्भारपण आणि बाकीचं

मूत्रपिंड अशक्त असेल तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या. पॅरासिटामॉल चालतं. डायलिसिस चालू असेल तर दाढ दुसऱ्या दिवशी काढायची. डायलिसिसच्या दिवशी दिलेलं हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, तोवर उतरलेलं असतं आणि अंगही हलकं असतं. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असलेल्या हाताला प्रेशरचा पट्टा लावू देऊ नका.

दमा असेल तर इनहेलर खिशात हवा, घरच्या फडताळात नको. ॲस्पिरिनने पूर्वी धाप लागली असेल तर त्या जातीच्या इतर वेदनाशामक गोळ्याही नकोत.

गर्भारपणी दात बघूच नयेत, हा समज आईकडून मुलीकडे येतो. चौथा ते सहावा महिना कामाला सोयीचा. पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार होतात. साधी भूल चालते. वेदनेला पॅरासिटामॉल. पाचव्या महिन्यानंतर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, टेट्रासायक्लिन-डॉक्सीसायक्लिन तर नकोच, बाळाच्या दातांवर डाग येतात. शेवटच्या महिन्यांत खुर्चीवर उताणं पडून गरगरलं तर डाव्या कुशीला वळायचं. मध्ये उठून बसायला मागा, लाजू नका.

सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेत असाल तर सांगा, आणि ते अचानक थांबवू नका. "गावठी औषध, लगेच आराम पडतो" अशा पुड्याही दाखवा. त्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही असेल तर सांगायला जीभ अडखळते, हे मी समजू शकतो. गाव लहान. पण यकृत बिघडलं असेल तर रक्त गोठत नाही आणि औषधांची मात्रा बदलते, म्हणून विचारावं लागतं. एचआयव्हीमुळे उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. अवजारं प्रत्येकासाठी सारखीच उकळली-निर्जंतुक केली जातात. डॉक्टरला एकट्याला सांगा, बाहेर बाकड्यावर बसलेल्यांसमोर नव्हे.

पावसातला ताप

हा भाग पुस्तकात सहसा नसतो, पण कोकणात हवाच. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून काम केलेल्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. पाऊस उघडला की डेंग्यू. दोन्हींत प्लेटलेट उतरू शकतात, लेप्टोत मूत्रपिंड आणि यकृतही बिघडतं. तापात अंग ठणकतं, हिरड्यांतून रक्त येतं आणि माणूस म्हणतो, "दातच काढून टाका." अशा वेळी दात काढणं म्हणजे न थांबणाऱ्या रक्ताला आमंत्रण. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर सांगा. आधी रक्त तपासून प्लेटलेट पाहायच्या. ५०,००० च्या खाली असतील तर दवाखान्यात दाढ काढायची नाही. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं वाटतं, पण प्लेटलेट नेमक्या तेव्हाच तळाला असतात. दाताच्या कळेसाठी या काळात डायक्लो, ब्रुफेन, ॲस्पिरिन काहीही नको.

दिवस कुठला घ्यायचा

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे बाहेर चपला ठेवायला जागा नसते. चाकरमानी येणार, मोदक खायचे, तोवर दाढ गेलेली हवी. साखर, प्रेशर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यातलं काही असेल तर कृपा करून महिनाभर आधी या, निदान तपासण्या तरी होतील.

शनिवारी संध्याकाळी दाढ काढू नका. रविवारी लॅब बंद, दवाखाना बंद. सोमवार ते गुरुवार, सकाळी. सकाळी काढली तर रक्ताचा काही त्रास दुपारपर्यंत कळतो आणि तेव्हा मी जागेवर असतो. खाडीपलीकडून येणाऱ्यांनी परतीची होडी कधी, वस्तीची गाडी कधी, हे आधी बघा. बरोबर एक माणूस आणा आणि रात्री घरात कुणीतरी झोपेल अशी सोय करा.

घरी गेल्यावर

गॉज पाऊण तास घट्ट दाबून धरा. मध्ये उघडून बघू नका. थुंकू नका, चूळ भरू नका. थुंकलं की धरलेली गुठळी सुटते. त्या दिवशी चहा कोमट, पेज गार करून, भात मऊ. तारल्या आणि बारीक काट्यांचे मासे आठवडाभर नकोत. खाचेत अडकलेला काटा काढायला लोक माझ्याकडे येतात. मशेरी, तंबाखू, विडी निदान तीन दिवस बंद. साखरेवाल्यांनी "तोंड दुखतं" म्हणून जेवण टाळून गोळी घेऊ नये. पातळ का होईना, पोटात जाऊ द्या.

थुंकी गुलाबी दिसणं साधं आहे. तोंड भरून लाल रक्त येत असेल तर ताठ बसा, आडवं पडू नका. स्वच्छ गॉज किंवा उकळून वाळवलेल्या सुती कापडाची घडी ओली करून खाचेवर ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास दाबा. तरी थांबलं नाही तर डॉक्टरला फोन करून निघा. फोन लागला नाही तर जवळचं ग्रामीण रुग्णालय. गोळ्यांचा कागद बरोबर घ्या. रात्रपाळीच्या डॉक्टरला तुमच्याबद्दल दुसरं काहीच माहीत नसतं.

आणि त्याच कागदाच्या मागे लिहा: कुठली दाढ, कोणत्या तारखेला, भुलीने काही झालं का, रक्त किती वेळ आलं, कुठली औषधं दिली. तांडेल दोन वर्षांनी दुसऱ्या दाढेसाठी आले तेव्हा त्यांच्या बायकोने बसायच्या आधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असा कागद माझ्यापुढे ठेवला. आयएनआर २.८, कालचा. अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल पाऊण तासापूर्वी घेतलेल्या. त्या दिवशी ते दाढ काढून साडेदहाच्या एसटीने परत गेले.